वडखळमार्गे होरेब

एलीया संदेष्टा अलिबागेत येऊन गेला, असं मानणारी माणसं आमच्या भागात आहेत. वडखळ नाक्यावरून अलिबागचा रस्ता धरायचा, धरमतरचा पूल ओलांडायचा, पेझारी-पोयनाड मागे टाकून कार्लेखिंड उतरायची, की सागाव-खंडाळ्याच्या बाजूला एक खडक आहे. त्या खडकावर खुणा आहेत. कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, सांगतात, या एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा. अग्निरथाचे घोडे आकाशाकडे झेपावताना इथे टाप टेकून गेले. जागेचं नावच ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’. लांबून, अगदी इस्रायलमधूनही माणसं इथे येतात, प्रार्थना करतात, नवस फेडतात. नवसाला मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सोबत फळं.

शास्त्रातला एलीया यार्देनेपलीकडच्या गिलादचा. दुष्काळात आधी करीथ ओढ्याकाठी कावळ्यांनी आणून दिलेल्या भाकरीवर जगला, मग सारफथच्या विधवेच्या मूठभर पिठावर. त्याला इकडे पोहे मिळतात, तेही पोह्या-पापडांसाठी नाव असलेल्या पेणच्या शेजारात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आम्ही प्रॉटेस्टंट घरातली माणसं. खुणा, ठसे, अवशेष यांच्याकडे जरा तिरक्या नजरेनं बघायचं वळण आम्हाला लहानपणीच लागतं. पवित्र भूमीच्या यात्रेला जाऊन आले म्हणून ती नजर सरळ झाली असं नाही. पण तिकडे या संदेष्ट्याच्या एकाच डोंगरावर दोन-दोन गुहा निघाल्या, दोन्हीकडे भक्त गुडघे टेकत होते, आणि सागावच्या खडकाला हसायचं मी सोडून दिलं.

डोलवी हे गाव मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्याला पोलाद कारखान्यामुळे माहीत असतं. रात्री वडखळच्या बाजूचं आभाळ तांबूस दिसतं ते त्याच्यामुळे. माझ्या नवऱ्याची नोकरी तिथली, म्हणून आमचं बिऱ्हाड इथे. एका अंगाला कारखान्याच्या चिमण्या, दुसऱ्या अंगाला अंबा नदीची खाडी, मधे खारबांध, उघाड्या, भाताची खाचरं, जिताड्याची तळी. मूळ घर नगरचं. आम्ही सोडून इथे ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, तीही नोकरीसाठी आलेली. रविवारची उपासना आळीपाळीनं कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत होते. खारबांध म्हणजे काय, उघाडी कशी चालते, भरतीचं पाणी शेतात शिरलं तर पुढची किती सालं जमीन रुसते, हे मला शेजारच्या आगरी बायकांनी शिकवलं. नगरच्या कोरड्या मातीत वाढलेल्या बाईला पाण्याची भीती ही गोष्टच नवी होती. आमच्याकडे भीती पाण्याच्या नसण्याची.

यात्रा काढली ती नगरच्या मंडळीनं, कोरोनाच्या आधीच्या एका हिवाळ्यात. अम्मानपर्यंत विमान, मग जॉर्डन, इस्रायल, पॅलेस्टाईन, शेवटी सीनायवरून कैरो. अशा यात्रांचा हा ठरलेला रस्ता. बसमध्ये निवृत्त शिक्षक, मिशनच्या दवाखान्यात जन्म काढलेल्या परिचारिका, जालन्याकडचं एक शेतकरी जोडपं, आजीनं पैसे भरून पाठवलेली पुण्याची दोन तरुण मुलं, आणि आम्ही दोघी, माझ्या सासूबाई आणि मी. आईंनी मिशनच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांवर सगळी नोकरी काढली. जगाकडे बघण्याची त्यांची रीत अजून तीच: कोण नीट उत्तर देतंय, कोण घोकलेलं म्हणतंय.

पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी तीन नियम घातले. खिडकीच्या जागा रोज बदलायच्या. प्रार्थना रोज वेगळ्यानं करायची. आणि स्थळावर पोचल्यावर आधी वचन, मग फोटो. तिसरा नियम नेबो डोंगरावर मोडला. मोशेला देवानं वचनदत्त देश जिथून दाखवला आणि आत मात्र जाऊ दिलं नाही, तो हा डोंगर. समोर धुकं होतं. देश दिसलाच नाही, तरी सगळ्यांनी देशाकडे पाठ करून आपापले फोटो काढले.

नेबोपासून जवळच मादबा गाव आहे. तिथल्या चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकात रंगीत खड्यांनी जडवलेला पवित्र भूमीचा नकाशा अजून शिल्लक आहे. त्यात यार्देन नदी मृत समुद्राला मिळते तिथे मासे काढले आहेत, आणि एक मासा तोंड फिरवून उलटा, गोड्या पाण्याकडे परत निघाला आहे. वाटाड्या इतर शहरांची नावं सांगत होता. मी त्या माशापाशीच राहिले. खाडीकाठी राहणाऱ्याला ते चित्र समजावून सांगावं लागत नाही. आमचा जिताडा निमखाऱ्या पाण्यात मजेत राहतो. पण मृत समुद्राचं पाणी पुढे गेलो तेव्हा जिभेला लावून पाहिलं, ते कोणत्याच माशाचं नव्हे. खडे जडवणाऱ्या त्या कारागिराला हे ठाऊक होतं. नकाशा काढताना त्यानं शहरं, मठ, वेशी सगळं काढलं आणि एका माशाची अडचणही काढली. यात्रेतलं सगळ्यात प्रामाणिक धर्मचित्र मला तेच वाटलं.

यार्देन पाहून जालन्याचे काका बोललेच, “हीच का नदी? का हिचा फाटा आहे हा?” गढूळ, अरुंद पाणी, दोन्ही काठांना बोरू. वरच्या अंगाला तीन देशांनी पाणी उचलल्यावर खाली एवढंच उरतं. पलीकडच्या काठावर इस्रायली सैनिक, अलीकडे जॉर्डनचे, आणि दोन्ही बाजूंना पांढरे झगे घालून पाण्यात उतरलेले यात्रेकरू. पाळकसाहेब म्हणाले, “नामान सेनापतीचीही हीच तक्रार होती, काका. त्याला दिमिष्काच्या नद्या बऱ्या वाटत होत्या.” काकांनी मुकाट्यानं बाटली भरून घेतली.

अल-मघतस या नावाची ही जागा युनेस्कोनं २०१५ मध्ये जागतिक वारशात घेतली, बाप्तिस्म्याचं स्थळ म्हणून. पण तिथेच जवळ एक लहानशी टेकडी आहे, तिला एलीयाची टेकडी म्हणतात. परंपरा सांगते, एलीयानं अंगरख्यानं यार्देन दुभंगली, अलीशाबरोबर चालत पलीकडे आला, आणि इथून अग्निरथानं वर गेला. मी आईंना विचारलं, “मग आई, आपल्या सागावला टाप कशी उमटली?”

“रथ होता अगं तो,” त्या म्हणाल्या. “रथाला काय, वाटेत कुठंही टेकेल.”

गालीलाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात आवरते. सरोवर एकवीस किलोमीटर लांब, तेरा रुंद. १९८६ च्या अवर्षणात पाणी हटलं तेव्हा चिखलात एक नाव सापडली, पहिल्या शतकातली, आठेक मीटर लांबीची. गिनोसारला ती जपून ठेवली आहे. तिच्यात निरनिराळ्या जातींचं लाकूड वापरलं आहे, जिथे जे मिळालं ते ठोकून वेळ मारून नेलेली. श्रीमंत नाव नव्हे ती. बसमधल्या साक्षी, भजनं, अश्रू यांतलं बरंच या सरोवराकाठी झालं, आणि त्याची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. मीही त्यात होते. पण माझं मन एलीयाच्या मागे लागलं होतं.

कर्मेल डोंगरावर मुहरका नावाची जागा आहे. बआलाच्या संदेष्ट्यांशी एलीयाची स्पर्धा इथे झाली, वेदीवर आकाशातून अग्नी पडला, असं मानतात. अंगणात त्याचा पुतळा: उगारलेली तलवार, पायाखाली पडलेला माणूस. आईंनी तो नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, “हे काही मला पटलं नाही. याच्या हातून पुढे जे झालं ते याच्यापेक्षा मोठं आहे.” मठाच्या गच्चीवरून इज्रेलचं खोरं दिसतं, हिरव्या आणि करड्या शेतांचे तुकडे पार गिलबोवाच्या डोंगरापर्यंत. एवढ्या लांबून अहाब राजाच्या रथापुढे एलीया पावसात धावत इज्रेलपर्यंत गेला. वाटाड्यानं बोट दाखवलं, “तो तिकडे, तो उंचवटा, ते इज्रेल. नाबोथाचा द्राक्षमळा तिथला.” आणि त्याच दमात जेवणाची वेळ सांगितली.

हैफाला डोंगर समुद्रात घुसतो त्या टोकावर कर्मेली साधूंचा मठ आहे, स्टेला मारिस. त्याच्या वेदीखाली एलीयाची गुहा. आणि पायवाटेनं खाली उतरलं की दुसरी गुहा, यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान आणि द्रुझ सगळ्यांनाच पवित्र असलेली. या डोंगरानं आपलं नाव जगभर धाडलं आहे; रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला गेलात तर तिथल्या चर्चचं नावही माउंट कार्मेलच. १७४० साली पोर्तुगीज चौलमधून गेले, पण ते चर्चभोवतीचं गाव आपली मोडकी पोर्तुगीज घेऊन तिथेच राहिलं. म्हणजे आमच्या जिल्ह्यात कोर्लईला कर्मेल, सागावला एलीया. मधे फक्त अलिबाग.

खालच्या गुहेत बायकांची बाजू वेगळी आहे. आत मेणबत्त्यांची ऊब, भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या, कोणी पुटपुटतंय, कोणी चिठ्ठी खोचतंय. आणि अचानक कानावर आलं, “अगो, ती पिशवी सरकव की इकडं.”

मी वळलेच. चार-पाच बायका, डोक्याला रुमाल, पायांत बूट, मांडीवर स्टीलचा डबा.

“मराठी का तुम्ही?” एकीनं विचारलं. “मुंबई?”

“डोलवी. पेणजवळ.”

“वडखळची डोलवी?” तिचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या बाईनं हिब्रूत दटावलं. त्या बाईंचं आडनाव आमच्याच तालुक्यातल्या एका गावावरून पडलेलं निघालं. लग्न होऊन त्या दिमोनाला आल्या आणि तिथल्याच झाल्या. पेणचं सिनेगॉग आहे का अजून, अलिबागच्या इस्रायल आळीत कोण कोण राहिलं, धरमतरची लाँच बंद झाली का, प्रश्नांना खळ नव्हता. मग डबा उघडत त्यांनी खरा प्रश्न विचारला, “पेणचे पोहे आणलेत का हो? इथं मिळतात त्यांचा मलिदा मनासारखा होत नाही.”

आम्ही बाटल्या भरून यार्देनचं पाणी घेतलं होतं, पोहे कुठून असणार.

मलिद्याचा हात पुढे आला तेव्हा आमच्यातली एक परिचारिका बाई थबकल्या. दुसऱ्या धर्माच्या वेदीवरचं खाण्याबद्दल पौलानं करिंथकरांना काय लिहिलं, ते आमच्या घरांमध्ये बाळकडूसारखं पाजलेलं असतं. आई म्हणाल्या, “बाई, इथं मूर्ती कुठं आहे? आणि संदेष्टा तर एकच.” त्या दिमोनाच्या बाईंनी विचारलं, “तुम्ही किरिस्तांव ना? मग एलियाहू तुमचा पण?” “आमचा पण,” आई म्हणाल्या. “मग खा की.”

बेने इस्रायलांची कथा कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे: किहीमजवळ नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, वाहून आलेल्या प्रेतांना तिथेच माती दिली. शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत ती माणसं राहिली, म्हणून शनवार तेली. पोथ्या समुद्रात गेल्या; उरली एक प्रार्थना, सुंता, उपास, शब्बाथ. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनरी आले, त्यांना वाटलं ही माणसं लवकर ख्रिस्ती होतील. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. झालं उलटंच. मराठीत आलेला जुना करार वाचून बेने इस्रायल अधिक पक्के यहुदी झाले. आमच्या पणज्या ज्या मराठीतून ख्रिस्ती झाल्या, त्याच मराठीतून त्यांच्या पणज्यांनी स्वतःचा मोशे परत मिळवला. मिशनच्या अहवालांत याची नोंद अपयश अशी पडली असेल. गुहेत बसून तो मलिदा खाताना मला तसं काही वाटलं नाही. खोबरं मात्र सुकं होतं, ते त्यांनी स्वतःच कबूल केलं.

यरुशलेम आणि बेथलेहेम यांवर मी लिहू लागले तर लेख तिकडेच अडकेल. बेथलेहेमच्या चर्चचं दार इतकं ठेंगणं आहे की ताठ मानेनं आत जाताच येत नाही, आणि त्या गावात शिरण्याआधी काँक्रीटची उंच भिंत लागते. एक वाकायला लावते, दुसरी थांबवते. पवित्र कबरेच्या चर्चची किल्ली पिढ्यानपिढ्या मुसलमान घराण्यांकडे आहे, कारण ख्रिस्ती पंथांचं आपसांत जमत नाही. दर्शनी खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून उभी आहे; ती कोणी हलवायची यावर एकमत नाही म्हणून ती तिथेच. पुण्याच्या मुलांपैकी एकानं विचारलं, “हे बघून विश्वास वाढायचा की कमी व्हायचा?” पाळकसाहेब म्हणाले, “शिडीवर कोणी ठेवला होता विश्वास?” उत्तर चतुर होतं. मुलाचं समाधान झालं नाही, आणि माझंही अर्धंच झालं.

सीनाय चढायला रात्री दोनच्या सुमाराला निघतात, म्हणजे सूर्योदयाला शिखर गाठता येतं. पायथ्याशी संत कॅथरीनचा मठ, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं बांधून घेतलेला. जबल मूसाचं शिखर २,२८५ मीटर. हाच शास्त्रातला सीनाय, हाच होरेब, असं परंपरा म्हणते. विद्वानांचं एकमत नाही, पण थंडी इतकी होती की त्या रात्री कोणी विद्वानांची बाजू घेतली नाही. निम्मी मंडळी खाली हॉटेलातच राहिली. आईंना उंटावर बसवलं. जबलिया जमातीचा पोरगा उंटाच्या पुढे, मी मागे, अंधारात पुढच्या उंटाचे पाय तेवढे दिसतात.

उंटाची वाट संपते तिथून दगडी पायऱ्या लागतात, साडेसातशे. त्यांच्या तोंडाशी डोंगराच्या कुशीत एक खोलगट सपाटी आहे, तिला एलीयाचं खोरं म्हणतात. एक जुना सरू, एक लहानसं देऊळ. ईजबेल राणीनं मारण्याची शपथ घेतल्यावर एलीया पळत सुटला, रोतेमाच्या झुडपाखाली मरण मागत आडवा झाला, मग देवदूतानं खाऊ घातल्यावर चाळीस दिवस चालून होरेबाला आला आणि इथल्या गुहेत राहिला, असं मानतात.

आईंचे गुडघे उंटावरून उतरताना संपले. पुण्याची मुलं त्यांना हातांची पालखी करून वर न्यायला तयार होती. “नको रे,” त्या म्हणाल्या, “मोशेला माझा सलाम सांगा. मी एलीयाजवळ बसते.” मी त्यांच्याबरोबर थांबले. आमच्या बाजूनं कोरियन, इथिओपियन, ब्राझीलचे जथे वर गेले. मोशेसाठी सगळे वर जातात, एलीयासाठी फारसं कोणी थांबत नाही. मी मोबाइलच्या उजेडात पहिल्या राजांचा एकोणिसावा अध्याय काढला आणि आईंना वाचून दाखवू लागले.

गुहेतल्या एलीयाला देव काय विचारतो? तू इथे काय करतोयस, असं. मी तिथवर आले आणि आईंनी मला थांबवलं.

“चाळीस दिवस चालून आलेल्या माणसाला हे विचारतात होय? आधी पाणी तरी विचारावं.” मग स्वतःच, “दिलंय म्हणा. रोतेमाखाली भाकरी आणि पाणी आधीच दिलंय.”

पुढे वारा, भूकंप, अग्नी. यातल्या कशातही देव नाही, मग शांत मंद वाणी. यावर मी शंभर उपदेश ऐकले आहेत. आईंचं लक्ष भलतीकडे होतं. “आता पुन्हा तोच प्रश्न विचारलाय बघ. आणि याचं उत्तर बघ. शब्दाला शब्द तेच. पहिलीतलं पोरगं पाठ केलेलं म्हणतं ना, तसं. वाणी ऐकली, तोंड झाकलं, सगळं केलं, उत्तर मात्र बदललं नाही.” त्या थोड्या हसल्या. “म्हणून मग धाडला परत.”

खरंच, देवानं त्याची समजूत काढलेली नाही. आल्या वाटेनं परत पाठवलं आणि तीन कामं हातात दिली. मी एकटाच उरलोय, हे एलीयाचं पालुपद. त्यावर देवानं नुसता आकडा सांगितला, सात हजार आहेत अजून. होरेबावर त्याला तंबू ठोकू दिला नाही, मंदिर बांध म्हणून सांगितलं नाही. वरून आमच्या मंडळींच्या भजनाचा आवाज वाऱ्यानं तुकड्या-तुकड्यांनी येत होता, मधूनच कोरियन सूर मिसळत होता. आमच्या आसपास आणखीही न चढू शकलेल्या बायका होत्या. एका इथिओपियन आजीनं आईंच्या पायांवर आपली शाल पसरली आणि दोघी आपापल्या भाषेत गुडघ्यांविषयी बोलत राहिल्या. सूर्य कधी उगवला ते आम्हाला कळलं नाही, मधे डोंगर होता.

पाळकसाहेब उतरून आले, तेव्हा आईंनी त्यांना विचारलं, “साहेब, त्या तीन कामांनंतर एलीयाची पुढची मोठी गोष्ट कुठली?”

“नाबोथ,” ते म्हणाले.

मी तो अध्याय कैरोच्या वाटेवर बसमध्ये वाचला, आणि मग घरी आल्यावर पुन्हा. नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीचा बाग करायचा होता. त्यानं नाबोथाला वाईट वागवलं नाही; याहून चांगला मळा देतो म्हणाला, नको असेल तर रोख किंमत देतो म्हणाला. नाबोथानं वाडवडलांचं वतन द्यायला नकार दिला. राजा अन्न टाकून भिंतीकडे तोंड करून निजला, आणि पुढचं काम राणीनं केलं. राजाच्या नावानं पत्रं लिहिली, त्यावर राजाची मोहर उठवली, गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली. उपास जाहीर झाला, सभा भरली, साक्षीदार दोन, जेवढे नियमशास्त्राला लागतात तेवढेच. नाबोथानं देवाची आणि राजाची निंदा केली असं शाबीत झालं आणि त्याला गावाबाहेर नेऊन धोंडमार केला. तलवार कुठेच नाही. सगळं कागदोपत्री, रीतसर. मग राजा ताबा घ्यायला उतरला, आणि मळ्यात त्याची गाठ एलीयाशी पडली. होरेबावरून परत धाडलेल्या माणसाला देवानं जिथे उभं केलं ती जागा ही.

अहाबाचं नाव पुस्तकाबाहेरही सापडतं. कुर्खच्या शिलालेखात असुरी राजा शल्मनेसर तिसरा आपल्या शत्रूंची यादी देतो, इसवी सनापूर्वी ८५३ ची लढाई. त्यात इस्राएलाचा अहाब आहे, दोन हजार रथांसह. तो दगड लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. इज्रेलला उत्खननात खडकात खोदलेलं द्राक्षं तुडवण्याचं मोठं कुंड सापडलं, पण ते कोणाचं हे कुंड सांगत नाही. राजाचं नाव दगडावर राहिलं. नाबोथाचं नाव फक्त पुस्तकात आहे, आणि ते तिथे आहे याचं कारण एका भटक्या संदेष्ट्यानं भर मळ्यात राजाला अडवलं.

मी हे पेण तालुक्यात राहून वाचत होते. वडखळहून अलिबागला जाताना, पोयनाडच्या जवळ चरी लागते. २७ ऑक्टोबर १९३३ पासून तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं. नारायण नागू पाटील पुढारी. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीच्या सभेला आले. संप १९३९ पर्यंत चालला. तोवर नांगर जमिनीला लागला नाही. माणसं रानातून लाकडं तोडून, खाडीतली मासळी विकून जगली. कूळ कायद्याची वाट तिथून निघाली. आणि २१ सप्टेंबर २००८ ला, पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारी यंत्रणेनंच मतदान घेतलं, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर. आमच्या शेजारच्या आजोबांनी तेव्हा मत दिलं होतं. ते क्षेत्र पुढे झालं नाही. ज्याची जमीन आहे त्याला, मोबदला देण्याआधी, तुला द्यायची आहे का असं विचारणं, एवढी साधी गोष्ट अहाबानंही केली होती. फरक उत्तर ऐकल्यानंतर पडतो.

मी ज्या घरात बसून हे लिहिते त्याचा पगार कारखान्यातून येतो. इथल्या कित्येक घरांचा येतो, आगऱ्यांच्याही. कोणाला अहाब म्हणायचं आणि कोणाला नाबोथ, याची सोपी यादी माझ्याकडे नाही, आणि अशी यादी करणाऱ्यांविषयी मला थोडा संशयच आहे. पण यात्रेहून आलेल्या माणसानं मंडळीत साक्ष द्यायची असते. नगरला रविवारी माझी पाळी आली, तेव्हा यार्देन, गालील, कबर यांवर आधीच्या तिघांनी सुंदर सांगून झालं होतं. मी नाबोथाबद्दल बोलले, आणि चरीबद्दल, आणि मतदानाबद्दल. उपासना संपल्यावर एका ज्येष्ठ बंधूंनी बाजूला घेऊन म्हटलं, “ताई, यात्रेची साक्ष म्हणजे तिथं आत्म्याला काय मिळालं ते. हे राजकारण झालं.” मी काही बोलायच्या आत आई मागून म्हणाल्या, “आम्ही होरेबावर गेलो होतो, भाऊ. तिथून हेच काम देऊन पाठवतात.” भाऊंनी सलाम केला आणि चहाकडे गेले. त्यांचं अगदीच चुकलं असं मी म्हणत नाही. आत्म्याचं काही सांगायला मला शब्द कमी पडतात हे खरंच आहे, आणि जमिनीचं सांगणं त्या मानानं सोपं.

डोलवीला परतल्यावर शेजारच्या आजोबांना आईंनी यार्देनच्या पाण्याची बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, गाळ खाली बसला होता, “खारा हाय का गोडा?” एवढंच विचारलं. मग मी त्यांना नाबोथाची गोष्ट सांगितली, आगऱ्यांना सांगावी तशी, मळा म्हणून नव्हे, वाडवडलांची खाचरं म्हणून. ते ओटीवर बसून सगळं ऐकत होते. पत्रं आणि मोहर आली तिथे त्यांनी मान हलवली. साक्षीदार आले तिथे “असतातच” म्हणाले. एलीया मळ्यात उभा राहिला, राजाला त्याच्या तोंडावर बोलला, तिथे त्यांना बरं वाटलं असं दिसलं. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं.

“मंग जमीन परत भेटली का त्याचे पोरांना?”

मी पुस्तक काढलं. नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचंही रक्त सांडलं, हे दुसऱ्या राजांत पुढे एका ओळीत येतं. अहाबाच्या मुलाचा मुडदा येहूनं त्याच शेतात टाकायला लावला, तेही येतं. शिक्षा झाली, सूड झाला, घराणं बुडालं. जमिनीचं काय झालं ते मला कुठेही सापडेना, आणि तसं मी आजोबांना सांगितलं.

“म्हंजे सातबारा राजाचेच नावाव रेला,” ते म्हणाले. “त्या तुमच्या संदेष्ट्यान फेरफार नाय केला.”